परिचर्या, औषधशास्त्र आणि आपली घरे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा पाठ)



या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत, आणि त्यावर अध्यापनाची पदविका, एवढेच. सारे आयुष्य प्राथमिक शाळेत मुलांकडून पाढे म्हणवून घेण्यात गेले. अशा माणसाने विद्यापीठांतील परिचर्येच्या व औषधशास्त्राच्या शिक्षणक्रमांविषयी बोलावे, ही अनधिकार चेष्टाच होय. परंतु या विषयात आमच्या हातून एक चूक घडलेली आहे, आणि चूक केलेल्या माणसास त्या विषयावर बोलण्याचा थोडा तरी अधिकार असतो, अशी आमची समजूत आहे. म्हणून प्रथम ती चूकच आपणांपुढे ठेवतो.

सन १९७९ ची गोष्ट. वडील नुकतेच निवर्तले होते व घरचे कर्तेपण आम्हांकडे आले होते. आमची धाकटी बहीण शाळेचे शिक्षण संपवून घरी होती. जिल्ह्याच्या रुग्णालयात परिचारिकांचे शिक्षण मिळते, विद्यावेतन मिळते, राहण्याची सोय होते, असे तिने कोणाकडून तरी ऐकले आणि स्वतःच अर्ज आणवून भरला. पालकाची सही तेवढी राहिली होती. ती सही आम्ही केली नाही. रात्रपाळी, परक्यांच्या देहाची शुश्रूषा, आणि पुढे लग्नाच्या वेळी ज्ञातीतील लोक काय म्हणतील, ही आमची कारणे. तिने वाद घातला नाही. तो अर्ज कित्येक वर्षे देव्हाऱ्याखालच्या फडताळात पडून होता.

पुढे तिचे लग्न झाले. सासूचे दीर्घ आजारपण, दिरांची पथ्ये, जावांची बाळंतपणे सर्व तिनेच निस्तरली. म्हणजे आयुष्यभर ती परिचारिकाच होती. शिक्षण, वेतन आणि मान एवढे मात्र तिला लाभले नाही.

सन २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, तिला तालुक्याच्या गावी रुग्णालयात ठेवावे लागले. आत जाण्यास कोणासही परवानगी नव्हती. एका रात्री तिला श्वास पुरेना. पाळीवर असलेल्या एका तरुण परिचारिकेने तिला पालथे झोपविले, प्राणवायूची नळी ठीक केली आणि पहाटेपर्यंत येऊन-जाऊन तिच्या बोटाला लावलेल्या यंत्रावरील आकडे पाहिले. त्या दालनात त्या रात्री चाळीस रोगी आणि ती एकच मुलगी होती. बहीण वाचली. घरी आल्यावर ती आम्हांस म्हणाली, “दादा, त्या वेळी मी गेले असते तर आतापर्यंत निवृत्त झाले असते. पण माझ्या हाताखाली शिकलेल्या चार मुली तरी त्या रात्री कुठल्या ना कुठल्या वॉर्डात उभ्या असत्या.”

शिक्षकाचा पेशा केलेल्या माणसास हे वाक्य फार लागते. एका मुलीस आपण अडविले म्हणजे एकच मुलगी कमी होते असे नाही. तिने शिकविलेल्या मुलीही कमी होतात. आज जे सांगावयाचे आहे त्याचे मूळ येथेच आहे.

आता या उणिवेचे मान पाहू. देश स्वतंत्र होण्यापूर्वी, सन १९४३ मध्ये सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याच्या पाहणीसाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. त्यात नोंद आहे की, त्या काळी साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिका अवघ्या ७,००० होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. आणि रीतसर शिकलेले औषधशास्त्रज्ञ किती? केवळ ७५! चाळीस लाख लोकांमागे एक. डॉक्टर ६,३०० लोकांमागे एक होता. डॉक्टरांचीही वाण होती खरीच, पण परिचारिकांची त्याहून कितीतरी अधिक होती, हे या आकड्यांवरून ध्यानी येते.

त्यानंतर पाऊणशे वर्षे लोटली. आज दर हजार लोकांमागे तीन परिचारिका असाव्यात असे मान सांगितले जाते आणि आपल्या देशात नोंदणीकृत परिचारिकांचे प्रमाण दोनाच्या आसपास आहे. नोंदवहीतील सर्वच जणी रोग्याच्या उशाशी नाहीत. कोणी परदेशी गेल्या, कोणी संसारात गुंतल्या, कोणी निवृत्त झाल्या. ही अडचण केवळ आपलीच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ साली जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या, तरीही ५८ लाखांची उणीव होती. म्हणून श्रीमंत देश आपल्या मुलींना बोलावितात व त्या जातात. त्यांस दोष कोण देईल?

ही उणीव केवळ सरकारच्या हलगर्जीपणाने झाली असे म्हणून आपणांस हात झटकता येणार नाहीत. तिला आपली घरेही कारण आहेत. सन १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले असता सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची सेवा केली व त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापन झाले आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. त्या काळी प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या घरांतून या कामास केवढा विरोध होता! विधवा मुलगी माजघराच्या कोपऱ्यात कुढत बसली तरी चालेल, परंतु रुग्णालयात जाता कामा नये, अशी तेव्हाची वृत्ती. आम्ही १९७९ साली जे केले ते त्याच वृत्तीचे शेपूट होते.

आपल्या घरांनी नाकारलेले हे काम मग कोणी केले? ख्रिस्ती भगिनींनी केले, केरळातून शेकडो कोस दूर आलेल्या मुलींनी केले, आणि ज्यांना आपल्या पूर्वजांनी उंबऱ्याबाहेर उभे केले त्या समाजांतील मुलींनी केले. आपल्यापैकी कोणीही रुग्णालयात पडून उठला असेल तर तो त्यांच्या हातून उठला आहे. हे ऋण ज्ञातीच्या मेळाव्यात उघडपणे मान्य केले पाहिजे.

आता प्रश्न असा की, विद्यापीठाच्या शिक्षणक्रमाने यात कोणता फरक पडतो? पूर्वी रुग्णालयात काम करता करता मुली शिकत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची पहिली शाळा १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात निघाली, तिची परंपरा हीच. आजही तीन वर्षांचा पदविका शिक्षणक्रम चालतो व तो उपयुक्तही आहे. मग चार वर्षांच्या पदवीची गरज काय? आमच्या अल्प मतीस तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट शिक्षकांची. शेतकरी सगळे धान्य दळून खाईल तर पुढल्या वर्षी पेरणार काय? विद्यार्थिनींना शिकविण्यासाठी अधिक शिकलेल्या परिचारिका लागतात, व त्या पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणातूनच तयार होतात. आपल्या देशात परिचर्येची पदवी १९४६ साली दिल्लीस व वेल्लोरला सुरू झाली. महाराष्ट्रात महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठाने, म्हणजे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाने, १९६४ साली मुंबईत लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय काढले. अशा ठिकाणांहून बाहेर पडलेल्या मुली पुढे इतर शाळा-महाविद्यालयांत अध्यापिका झाल्या. १९९८ साली नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील परिचर्येच्या पदवीचे बहुतेक शिक्षण त्याच्या छत्राखाली आले. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारातच १५७ नवी परिचर्या महाविद्यालये काढण्याचे ठरविले. त्यांतून वर्षाला सुमारे १५,७०० पदवीधर बाहेर पडावेत अशी अपेक्षा आहे. इमारती होतील; शिकविणाऱ्या किती मिळतील, यावर त्यांचे यश अवलंबून राहील.

दुसरी गोष्ट कामाच्या व्याप्तीची. जेथे डॉक्टर राहत नाही तेथे ज्ञान असलेला दुसरा कोणी असला पाहिजे. २०१८ पासून खेड्यांतील उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले. त्यांसच आज आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून ज्यांची नेमणूक होऊ शकते त्यांत परिचर्येच्या पदवीधरांचाही समावेश आहे. रक्तदाब मोजणे, मधुमेह वेळीच ओळखणे, गरोदर स्त्रीचे धोके जाणणे व कोणत्या रोग्यास विनाविलंब पुढे पाठवावे हे ठरविणे, ही विचाराची कामे आहेत. त्यांस शरीरशास्त्राचे, औषधांचे आणि समाजातील रोगांचे पद्धतशीर अध्ययन लागते. असे एक माणूस गावात बसले म्हणजे वीस कोसांवरच्या डॉक्टरचे ओझे हलके होते.

तिसरी गोष्ट मानाची. लोक पदवीस मान देतात, हे योग्य की अयोग्य हा वाद निराळा. ‘रुग्णालयात कामाला आहे’ असे म्हटल्यावर जे नाक मुरडतात, तेच ‘विद्यापीठाची पदवीधर आहे’ असे ऐकून सरळ बसतात. या मानामुळे ज्या घरांतून मुली पूर्वी येत नसत तेथून आता येऊ लागल्या आहेत. मुलगेही येतात, रुग्णालयात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात, आणि रोग्यास उचलण्या-बसविण्यात त्यांचा मोठा आधार असतो.

परिचर्येविषयी एवढे पुरे. आता औषधशास्त्राकडे वळू. त्यासाठीही घरचेच उदाहरण देतो. आमच्या सौभाग्यवतीस रक्तदाबाचा विकार आहे. गावातील डॉक्टरांनी एक गोळी दिली होती. शहरात मुलाकडे गेलो असता तेथील डॉक्टरांनी दुसऱ्या नावाची गोळी लिहून दिली, आणि पहिली चालू आहे हे सांगण्याचे आम्हांकडून राहिले. पंधरा दिवसांत त्यांचे पाय सुजले, उठताना घेरी येऊ लागली. औषधांच्या दुकानात एक पदवीधर मुलगी होती. तिने दोन्ही पाकिटे उलटून बारीक अक्षरे वाचली व म्हणाली, “काका, नावे दोन आहेत पण आत औषध एकच आहे, अॅम्लोडिपिन. काकूंना दुप्पट मात्रा जाते आहे.” तिने स्वतःच्या अधिकारात गोळी बंद केली नाही, डॉक्टरांस दूरध्वनी केला, त्यांनी चिठ्ठी बदलली, आणि सूज उतरली. आम्ही तोवर औषधाच्या दुकानदारास किराणा दुकानदाराचाच भाऊ समजत होतो!

हे शास्त्र आपल्याकडे तसे अलीकडचे. पूर्वी दवाखान्यातील कंपाउंडर बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून मात्रा दाखवीत असे, तेच आमच्या पिढीचे औषधशास्त्र. विद्यापीठात त्याचे रीतसर शिक्षण १९३२ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात महादेवलाल श्रॉफ यांच्या प्रयत्नाने सुरू झाले. १९४८ साली औषधशास्त्राचा कायदा झाला. मुंबईस १९५७ साली बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी निघाले. २००८ पासून सहा वर्षांचा ‘फार्म डी’ हा शिक्षणक्रमही आहे. त्यातील विद्यार्थी रुग्णालयात डॉक्टरांसमवेत फेरीस जातो आणि रोग्याची औषधे एकमेकांस बाधक होत नाहीत ना हे पाहतो.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. परिचर्येतील उणीव आणि औषधशास्त्रातील उणीव एका जातीच्या नाहीत. औषधशास्त्राची महाविद्यालये इतकी वाढली की, २०१९ साली त्या शास्त्राच्या अखिल भारतीय परिषदेने काही वर्षे नवी काढू नयेत असा ठराव केला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव परिषदेच्या अधिकाराबाहेरचा ठरविला. तेव्हा पदविका घेतलेल्यांचा तुटवडा नाही; तुटवडा आहे तो दुकानात प्रत्यक्ष उभे राहून चिठ्ठी वाचणाऱ्यांचा. कित्येक ठिकाणी प्रमाणपत्र तेवढे भिंतीवर टांगलेले असते आणि ते ज्याचे तो मनुष्य भलतीकडेच असतो. आपल्यापैकी कोणी आपले प्रमाणपत्र असे भाड्याने दिले असेल तर त्याने ते परत घ्यावे, ही हात जोडून विनंती. कायद्याचे भय दूर ठेवा. त्या दुकानातून आपल्याच आईचे औषध जाणार आहे, एवढे ध्यानात धरले तरी पुरे.

महाविद्यालये निघाली म्हणजे सर्व काही साधले असेही नाही. शिकलेल्या मुलीस योग्य वेतन नसेल तर ती थांबणार नाही. पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही परिचारिकेस दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ साली केली होती. अनेक ठिकाणी मुलींच्या हाती याहून कितीतरी कमी पडते. सरकारी रुग्णालयांत मंजूर जागाही रिकाम्या राहतात. आपल्या ज्ञातीत रुग्णालये चालविणारे डॉक्टर आहेत, ते या सभेतही बसले आहेत. त्यांस आमचे सांगणे असे की, संमेलनास देणगी देण्यापूर्वी आपल्या परिचारिकांचा पगारपट एकवार पाहावा. देणगी थोडी कमी झाली तरी मंडळ रागावणार नाही.

ज्या घरांत यंदा बारावीचा विद्यार्थी आहे त्यांच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगतो. परिचर्येत दोन वर्षांचा सहाय्यकारी परिचारिकेचा, तीन वर्षांचा सामान्य परिचर्येचा व चार वर्षांचा पदवीचा असे शिक्षणक्रम आहेत. पदवीसाठी बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय लागतात आणि प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. औषधशास्त्राची पदविका दोन वर्षांची, पदवी चार वर्षांची. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी स्वतः जाऊन महाविद्यालय पाहावे. परिचर्येच्या पदवी महाविद्यालयाचे स्वतःचे शंभर खाटांचे रुग्णालय असावे असा परिचर्या परिषदेचा दंडक आहे. तेथे खाटा आहेत का, खाटांवर रोगी आहेत का, शिकविणारे किती आहेत, हे विचारण्यास संकोच करू नये. सोयरीक जुळविताना आपण घर, विहीर, गोठा सारे पाहून येतो. मुलीच्या विद्येसाठी एक दिवस खर्च करण्यास काय हरकत आहे? पोहल्यावाचून पोहणे येत नाही, तद्वत् रोग्यावाचून परिचर्या येत नाही.

आता मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. आपल्या शिष्यवृत्ती निधीतून आजवर वैद्यकी आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस साहाय्य झाले, ते उत्तमच झाले. यापुढे प्रतिवर्षी निदान दोन शिष्यवृत्त्या परिचर्येसाठी आणि एक औषधशास्त्रासाठी असावी. मुलगी वा मुलगा असा भेद नसावा, आणि परिचर्येत पदव्युत्तर शिक्षण घेऊन अध्यापन पत्करणाऱ्यास प्रथम पसंती असावी, कारण तेच आपले बियाणे होय.

दुसरी सूचना वसतिगृहाची. शहरातील आपल्या वसतिगृहाचे दार रात्री नऊला बंद होते. रात्रपाळीच्या विद्यार्थिनीने मग जावे कोठे? तिच्यासाठी दार उघडणारे माणूस नेमावे.

तिसरी सूचना नाजूक आहे. आपल्या वधूवर सूचीत गतवर्षी एका मुलीच्या वडिलांनी व्यवसायाच्या रकान्यात ‘परिचारिका’ हा शब्द खोडून ‘नोकरी’ एवढेच लिहावयास सांगितले. सूची तपासण्याचे काम आम्हांकडे होते व आम्ही तसे केलेही. त्या वडिलांस आम्ही दोष देत नाही. १९७९ साली आम्ही जे भय बाळगले तेच त्यांचे भय. परंतु पुढील सूचीत तो शब्द ठळक अक्षरांत छापावा, आणि मुलगी परिचारिका आहे म्हणून स्थळ नाकारणाऱ्यांनी आपल्या घरातील शेवटचे आजारपण आठवून पाहावे.

अखेरीस आमच्या वाट्याचे. निवृत्तिवेतनातून प्रतिवर्षी अकरा हजार रुपये या शिष्यवृत्तीसाठी मंडळाकडे जमा करण्याचा आमचा संकल्प आहे. रक्कम लहान आहे याची जाणीव आहे. तिला आमच्या बहिणीचे नाव द्यावे असे मनात होते, परंतु तिनेच नको म्हटले. ती म्हणाली, नाव नको, जी मुलगी जाईल तिच्या अर्जावर सही झाली म्हणजे पुरे. म्हणून आणखी एक शब्द देतो. ज्ञातीतील ज्या कोणा मुलीचा वा मुलाचा असा अर्ज घरच्यांच्या सहीवाचून अडला असेल, त्यांनी आम्हांस कळवावे. गाव कितीही आडवळणी असो, आम्ही त्या घरी जाऊ, ओसरीवर बसू, आणि आमची चूक त्या आईवडिलांस पुन्हा एकवार सांगू.